क्युबाबाहेरचा क्युबा

क्युबा सोडून गेलेल्यांच्या आठवणींना त्या देशाच्या इतिहासात फारसे स्थान द्यायचे नाही, असा एक रिवाज पडला आहे. जे गेले त्यांचा मातीशी संबंध तुटला, असे समजले जाते. मला हे पटत नाही. कारण क्युबाचे राष्ट्रपण बऱ्याच अंशी परमुलखातच घडले. आज हवानात फडकणारा झेंडा १८४९ साली न्यूयॉर्कमध्ये तयार झाला. सिरिलो व्हियाव्हेर्दे यांची ‘सेसिलिया वाल्देस’ ही गाजलेली कादंबरी १८८२ मध्ये पूर्ण रूपात प्रसिद्ध झाली, तीही तिथेच. होसे मार्ती यांनी स्पेनविरुद्धच्या लढ्यासाठी १८९२ मध्ये पक्ष काढला, तो फ्लोरिडातल्या क्युबन सिगार-कामगारांच्या बळावर. तिथल्या टँपा शहरातल्या सिगार-कारखान्यांत हवानाहून आलेली एक प्रथा होती. कामगार तंबाखूची पाने वळत बसायचे आणि उंच बैठकीवरून एक वाचक त्यांना वर्तमानपत्रे, कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवायचा. त्याचा पगार कामगारच वर्गणी काढून देत. मजकूर आवडला की हातातली पाने कापायची पाती टेबलावर आपटून दाद देत. याच कामगारांनी आपल्या मजुरीतला वाटा स्वातंत्र्ययुद्धासाठी दिला. त्यांना क्युबाच्या इतिहासाबाहेर कसे ठेवणार?

यावर आक्षेप येतो तो १९५९ च्या क्रांतीनंतर गेलेल्यांबद्दल. त्यांच्या आठवणीतले जुने हवाना फार गोजिरे असते. क्रांतीने उलथवलेली बातिस्ताची हुकूमशाही आणि खेड्यांतले दारिद्र्य त्यात दिसत नाही. आक्षेप खरा आहे. १९५३ च्या जनगणनेत ग्रामीण क्युबातली दहांतली चार माणसे निरक्षर होती आणि सुरुवातीला बाहेर पडलेले बहुतेक लोक सुखवस्तू, गोरे होते. पण स्थलांतर तिथेच थांबले नाही. १९६० ते १९६२ या काळात चौदा हजारांवर मुले आईवडिलांशिवाय अमेरिकेला पाठवली गेली. १९८० मध्ये मारिएल बंदरातून सव्वा लाख माणसे बोटींनी अमेरिकेकडे निघाली. त्यांत मजूर होते, कृष्णवर्णीय होते, क्रांतीच्या छायेतच वाढलेले तरुण होते. त्यांच्या आठवणी रेशनच्या वहीच्या, रांगांच्या. मायामीतल्या आधीच्या क्युबनांपैकी अनेकांनी त्यांना जवळ केले नाही. म्हणजे स्थलांतरितांची स्मृती एकसुरी नाहीच. ती आपल्याच लोकांच्या गोडगोड आठवणींना छेद देते.

दुसरा आक्षेप असा, की आठवणी म्हणजे पुरावा नव्हे, कागदपत्रेच विश्वासार्ह. मग मारिएलचेच पाहा. सरकारी प्रचाराने निघालेल्यांना ‘गाळ’ ठरवले. त्यांच्या दारांवर जमाव जमवले गेले, घरांवर अंडी फेकली गेली. हे आतून कसे सोसले, ते त्या दारांमागे बसलेल्यांनाच सांगता येईल. त्यांचे बोलणे कागदपत्रांशी ताडून घ्यावे, चूक असेल तिथे चूक म्हणावे. पण आधी ते ऐकून, नोंदवून ठेवावे. मारिएलहून विशीत निघालेली माणसे आज साठी ओलांडून गेली आहेत.