शेताचें छायाचित्र आणि दात्यांची दृष्टि

(कमिटीच्या वार्षिक सभेंत झालेलें भाषण)



या वृत्तांतासोबत जोडलेल्या छायाचित्रांत भुकेनें मरणोन्मुख झालेल्या माणसाचें एकही चित्र कां नाहीं, अशी पृच्छा आमच्या कित्येक देणगीदारांनीं केली आहे. तसें चित्र पाहिल्यावांचून थैलीचें तोंड सुटत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. आणि तें अगदींच खोटें नव्हे. ता. २२ ऑगस्ट १९४३ रोजीं कलकत्त्याच्या 'स्टेट्समन' पत्राचे संपादक इयन स्टीफन्स यांनीं रस्त्यांत पडलेल्या अन्नान्न लोकांचीं छायाचित्रें छापलीं, आणि सरकार ज्याला दुष्काळ म्हणावयास तयार नव्हतें तो दुष्काळ जगाला दिसला. हें पुण्यकर्मच होय. परंतु त्या चित्रांत शहराचे रस्ते होते. जपानी स्वारीच्या भयानें १९४२ सालीं सरकारनें खेड्यांतील लोकांच्या होड्या काढून घेतल्या, त्याच सालीं ऑक्टोबरांत वादळानें मेदिनीपूरची भातशेती बुडविली, यांपैकीं कांहींच त्यांवरून समजत नाहीं.

अमेरिकेंत १९३५ पासून सरकारी खात्यानें शेतकऱ्यांच्या दुर्दशेचीं छायाचित्रें घेण्याचें काम मोठ्या प्रमाणावर चालविलें. त्याचे प्रमुख रॉय स्ट्रायकर हे मूळचे अर्थशास्त्राचे अध्यापक. कार्ल मायडन्स नांवाचा छायाचित्रकार कापसाच्या मुलुखांत निघाला, तेव्हां त्याला कापसाची माहिती नाहीं असें दिसतांच स्ट्रायकरांनीं त्यास थांबवून घेतलें, आणि कापसाचें पीक, त्याचा बाजार, त्यावर जगणारीं माणसें, हें सारें प्रथम समजावून सांगितलें. आमच्या मतें त्या साऱ्या उद्योगाचें मर्म येथेंच आहे. ज्याला पीक कळत नाहीं त्याला शेतांत काय टिपावें हें कसें कळणार?

त्याच उद्योगांतील डोरोथिया लँग या बाईंनीं मार्च १९३६ मध्यें कॅलिफोर्नियांतील निपोमो येथें एका मजूर मातेचें चित्र घेतलें. तें आज जगभर प्रसिद्ध आहे. हिमानें वाटाण्याचें पीक गेलें, तोडणीस आलेले मजूर अन्नावांचून अडकले. चित्रें वर्तमानपत्रांत येतांच सरकारनें सुमारें २०,००० रत्तल अन्न धाडलें. पण तें पोंचण्यापूर्वींच ती माता मुलांसह पुढें निघून गेली होती. त्या चित्रांत मातेचा चेहरा आहे, वाटाण्याचा वेल नाहीं. चेहऱ्यावर भूक उमटेपर्यंत थांबलें म्हणजे मदतीला असाच उशीर होतो.

दुसरीही एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्याच सालीं आर्थर रॉथस्टीन यांनीं दक्षिण डकोटांत बैलाची एक कवटी थोडी हलवून निरनिराळ्या जागीं टिपली. तेवढ्यावरून विरोधी पत्रांनीं सर्वच कामावर खोटेपणाचा आळ घेतला. म्हणून आमच्या चित्रांत कोणतीही वस्तु हलविलेली नाहीं, व प्रत्येकाखालीं गांव आणि तिथि दिली आहे. मितीवांचून खतावणी व्यापारी बंधूंना तरी कोठें चालते?

आतां हीं चित्रें क्रमानें पाहावीं. एकच विहीर, तीन महिन्यांची: पाणी पायरी पायरीनें उतरत गेलें आहे. मग कडब्याची गंज, अर्धी सरलेली. मग गुरांचा बाजार. विकणारे दाटीनें उभे, घेणारा एखादाच. सर्वांनीं एकदमच विकावयास काढल्यावर बैलाचा भाव कोसळतो आणि धान्याचा चढतो, हें जमीनदार मंडळींस सांगावयास नको. बैल गेला म्हणजे पुढें पाऊस चांगला पडूनही अशा घरची पेरणी अडते.

यास्तव यंदा धान्याच्या फंडाआधीं चाऱ्याचा फंड भरावा, अशी आमची विनंति आहे. ज्यांस रोख रक्कम देणें सोयीचें नसेल त्यांनीं कडबा, सरकी किंवा पेंड द्यावी. ती ठेवण्यास कोठार व नेण्यास गाड्या देणाऱ्यांचीही आम्हांस तितकीच गरज आहे. नांवें आजच सभा संपल्यावर चिटणिसांपाशीं नोंदवावीं.