वाढत जाणारं घर



नवी मुंबईत बेलापूरला डोंगराच्या पायथ्याशी ‘आर्टिस्ट व्हिलेज’ नावाची वसाहत आहे. वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी ती १९८० च्या दशकात सिडकोसाठी आखली. साधी, उतरत्या छपराची घरं. सात-सात घरांच्या मधे सामाईक अंगण. पण एका घराची भिंत दुसऱ्याला चिकटलेली नाही. त्यामुळे जसा पैसा जमला तशी कुणी खोली काढली, कुणी माडी चढवली, कुणी गॅलरी. एकाच नकाशाची घरं आता वेगवेगळी दिसतात. काही तर पार बदलून गेली.

आता आपलं बघू या. घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २७० चौरस फूट. संसार तेवढ्यावर थांबत नाही. सून येते, नातवंडं होतात. म्हणून जोतं घालण्याआधीच गवंड्याला विचारायचं: पुढची खोली कुठे निघेल? पाया वरचा मजला पेलेल का? सांडपाणी शेजारणीच्या दारात तर जाणार नाही ना?

घरावर आपलं नाव लागतं, तर नकाशाही आपणच पाहायचा. रंग काय, मग आवडेल तो देऊ!