कान देऊन पाहायचे सिनेमे



पॅरिसमधलं एक जुनं, प्रशस्त घर. स्वयंपाकघरात सकाळचा नाश्ता चाललाय. म्हातारा आणि म्हातारी, दोघंच. आयुष्यभर संगीत शिकवलेली माणसं. बोलता बोलता म्हातारी गप्प होते. डोळे उघडे, पण नजरेत ओळख नाही. तो हाक मारतो, हात लावतो. नळ सोडून फडकं ओलं करतो, तिच्या चेहऱ्याला लावतो. काही नाही. मग नळ तसाच वाहता ठेवून तो कपडे बदलायला आतल्या खोलीत जातो. आपणही त्याच्यामागे आत जातो. स्वयंपाकघर आता दिसत नाही, मागून पाण्याचा आवाज तेवढा येतोय. आणि एकाएकी तो थांबतो.

नळ कुणी बंद केला? घरात तर तिसरं माणूस नाही. तो घाईने परत येतो, तर बाई त्याच्यावरच वैतागलेली, पाणी वाहतं सोडून गेलास कसा म्हणून! मधल्या मिनिटांची तिला गंधवार्ता नाही. दोघांच्या संसारातला सगळ्यात अवघड काळ त्या क्षणी सुरू झाला, आणि तो आपल्याला पडद्यावर दिसला नाही. ऐकू आला.

हा सिनेमा ‘आमुर’. 2012 सालचा. कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. दिग्दर्शक मिखाएल हानेके तसा ऑस्ट्रियन, पण सिनेमा अस्सल फ्रेंच, आणि काम करणारे जाँ-लुई त्रँतिन्यां आणि एमान्युएल रिवा हे दोघंही ऐंशीच्या घरातले.

रेडिओवरून सिनेमाबद्दल काय बोलणार, असं मला आज इथे येताना कुणीतरी विचारलं. पडदा तर दाखवता येत नाही. मी म्हटलं, उलट बरंच आहे. नात्यागोत्यांवरचे फ्रेंच सिनेमे पाहताना आपली फसगत होते ती डोळ्यांनी. आपण काही घडण्याची वाट बघत बसतो, आणि समोरची माणसं नुसती बोलत असतात. मग बाहेर येऊन आपण म्हणतो, दोन तास गप्पाच! पुण्यात लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात मी पहिल्यांदा असा सिनेमा पाहायला गेलो तेव्हा अर्ध्या तासात चक्क झोपलो होतो. शेजारच्या गृहस्थांनी कोपराने ढोसून उठवलं, कारण मी घोरत होतो आणि त्यांना ऐकायचं होतं. ‘बघायचं होतं’ नाही म्हणाले. तो शब्द मला पुष्कळ वर्षांनी कळला.

तो सिनेमा होता एरिक रोमेरचा ‘मोदच्या घरची रात्र’, 1969 सालचा. यातही त्रँतिन्यांच आहे, पण भर तारुण्यातला. क्लेर्मों-फेराँ नावाच्या गावात नोकरीला आलेला एक श्रद्धाळू कॅथलिक इंजिनियर. तत्त्वज्ञ पास्काल याच गावचा. नाताळचे दिवस, बाहेर बर्फ. मित्र त्याला मोद नावाच्या डॉक्टर बाईंकडे घेऊन जातो. घटस्फोटित, हुशार, देखणी बाई. मित्र निघून जातो, बर्फामुळे हा अडकतो, आणि रात्रभर दोघं पास्काल, देव, लग्न, पाप यांवर बोलत राहतात. झालं, एवढंच.

आता यात ऐकायचं काय? एक करून पाहा. माणूस काय बोलतोय ते क्षणभर सोडून द्या, आणि तो ते आत्ता का बोलतोय ते ऐका. आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत मुलीचे वडील हवापाण्यावर बोलत असतात तेव्हा विषय हवापाणी असतो का? हा इंजिनियर जितका तत्त्वावर बोलतो, तितका तो त्या बाईला घाबरलाय हे कळत जातं. आणि तिला ते पहिल्या दहा मिनिटांत कळलेलं असतं. तिच्या हसण्यात ते ऐकू येतं.

खरी मेख मात्र शेवटी आहे. पाच वर्षांनी समुद्रकिनाऱ्यावर त्याला मोद भेटते. आता त्याच्याबरोबर बायको आहे, लहान मुलगा आहे. मोद निघून गेल्यावर बायको गडबडलेली दिसते. हा सांगणार असतो की मोदमध्ये आणि माझ्यात तसं काही झालंच नव्हतं. खरं तेच होतं. पण तोंड उघडता उघडता त्याच्या ध्यानात येतं की बायको गडबडली आहे ती वेगळ्याच कारणाने. लग्नाआधी तिचं ज्या विवाहित पुरुषाशी प्रकरण होतं तो मोदचा नवरा होता, आणि ते आता आपल्या नवऱ्याला उमगलं असणार, हे तिला जाणवलंय. मग तो खरं सांगायचं टाळतो. मोदशी आपलं होतं, असं चक्क खोटं सांगतो, म्हणजे दोघांचे हिशेब सारखे होतात. अख्खा सिनेमाभर सत्य आणि निष्ठा यांवर प्रवचन देणारा माणूस बायकोला वाचवायला एक खोटं बोलतो, तेही अगदी साध्या आवाजात. तिथे व्हायोलिनं वाजत नाहीत. लाटा आणि मुलाची बडबड, बस्स.

आणखी एक गोष्ट, जी इंग्रजी सबटायटल तुम्हाला कधीच सांगणार नाही, पण मराठी कानाला आयती मिळते. फ्रेंचमध्ये ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळे आहेत. ‘त्यू’ आणि ‘व्हू’. इंग्रजी ओळीत दोन्ही एकाच शब्दात चिरडून जातात. आपल्या घरात ‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं, ‘तू’ म्हणणारा मित्र भांडणानंतर ‘तुम्ही’वर कधी गेला, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तेवढा एक कान तिथे लावा. ‘त्यू’ तर ऐकायलाही आपल्या ‘तू’च्या जवळचाच. भाषा येत नसली तरी दोन माणसांमधलं अंतर कुठल्या वाक्याला घटलं, कुठल्या वाक्याला वाढलं, ते कळू लागतं. यासाठी सिनेमा दुसऱ्यांदा पाहायचा, तळाच्या ओळींवर हात धरून. घरचे हसतील, हसू द्या.

पार्श्वसंगीताबद्दल बोलायला हवं, कारण तिथे पुण्याचा एक हक्क आहे. रोमेर पार्श्वसंगीत जवळजवळ वापरतच नाही. कथेत कुणी वाजवत असेल, कुठे मैफल असेल, तरच संगीत. त्यामुळे कुणाची कीव करायची नि कुणाचा राग धरायचा, हे सांगायला कुणी नसतं. आपलं आपण ठरवायचं. हा प्रकार फ्रेंचांचा म्हणून आपण कौतुक करतो, पण 1937 साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने ‘कुंकू’ काढला तो असाच. शांतारामबापूंचं दिग्दर्शन, ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून. गाणी आहेत, पण भावनेच्या मागे धावणारं संगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज. फसवून म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात बांधलेली शांता आपट्यांची नीरा, आणि केशवराव दात्यांचे काकासाहेब. घड्याळाची टिकटिक त्या घरात कुणाच्या वयाबद्दल बोलतेय हे सांगावं लागत नाही. आणि गंमत म्हणजे संगीत नसल्यामुळेच काकासाहेब खलनायक होत नाहीत. आपण नीरेच्या बाजूने असतो, तरी त्या माणसाकडे पाहून पोटात तुटतं. रोमेरने ‘कुंकू’ पाहिला होता असं मी म्हणत नाही हं. पण प्रभातची ती जागा, जिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आणि मी घोरत पडलो ते संग्रहालय, दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत, एवढं सांगतो.

तिसरा फ्रेंच सिनेमा क्लोद सोतेचा, 1992 सालचा. नावाचा अर्थ ‘हिवाळ्यातलं काळीज’. माझा सगळ्यांत लाडका. स्तेफान हा व्हायोलिनं बनवणारा, दुरुस्त करणारा कारागीर. दानिएल ओतेयने केलाय. त्याचा भागीदार एका व्हायोलिनवादक मुलीच्या प्रेमात आहे, आणि ती मुलगी, कामीय, या अबोल कारागिराकडे ओढली जाते. का? तो ऐकतो म्हणून. तिच्या वाद्यातली बारीकशी खोट त्याला ऐकू येते. मिरजेला तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर तारेखाली सूत सरकवत कान लावून बसतो, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हा माणूस लगेच ओळखू येईल. व्हायोलिनच्या पोटात दोन फळ्यांच्या मध्ये एक काडीएवढी दांडी उभी असते. ती केसभर हलली तर सूर बदलतो. फ्रेंच लोक त्या दांडीला ‘आम’ म्हणतात, म्हणजे आत्मा. स्तेफान लाकडातला आत्मा सरकवून जागेवर आणतो. ती मात्र मोटारीत बसून आपलं मन उघडं करते तेव्हा म्हणतो, माझं तुझ्यावर प्रेम नाही. तो खोटं बोलतोय की त्याला खरंच काही वाटत नाही? मी हा सिनेमा चार वेळा पाहिला आणि चारही वेळा उत्तर वेगळं आलं. संगीतकार राव्हेलचं संगीत मात्र भरभरून आहे, आणि ते सगळं ती वाजवते. म्हणजे या सिनेमात भावना कुणाकडे आहे आणि कान कुणाकडे, याची वाटणीच करून टाकली आहे.

वेळ संपत आली. जाता जाता परत ‘आमुर’कडे. शेवटी नामावली सुरू होते तेव्हा उठू नका. तिथे संगीत नाही. एक सूरसुद्धा नाही. काळ्या पडद्यावर नावं सरकत राहतात आणि सभागृह गप्प. मी पाहिला तेव्हा पुण्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं असतील. कुणाची तरी पिशवी वाजली. मागे कुणीतरी हेल्मेट उचललं आणि परत खाली ठेवलं. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा-आजी होते. आजी म्हणाल्या, “चला.” आजोबांनी काही उत्तर दिलं नाही, आणि त्या परत बसल्या.