रद्दीतला हायकू

खानदेशातलं असोदा म्हटलं की कवयित्री बहिणाबाई आठवतात. जन्म 1880 चा, याच गावचा. अक्षरओळख नव्हती, मुलगा सोपानदेव यांनी जपलेल्या गाण्यांचं पुस्तक 1952 मध्ये आलं, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. पुढे याच अत्र्यांची मुलगी, शिरीष पै, हिनं जपानी हायकू मराठीत रुजवला. तीन ओळी, एक क्षण, बस! जपानीतला पाच-सात-पाचाचा हिशेब मराठीत काटेकोर पाळला जात नाही, आणि ते बरंच झालं.

हायकूंची पुस्तकं अंगानं बारीक, किंमत बेताची, आवृत्ती लहान. एकदा संपली की संपली. इंग्रजीतही किंमत बेताचीच: जपानी हायकूकार बाशोच्या प्रवासवर्णनांचा नोबुयुकी युआसा यांनी केलेला अनुवाद 1966 मध्ये पेंग्विननं स्वस्त कागदी बांधणीत काढला. अशा जुन्या प्रती आज फुटपाथवर किंवा रद्दीच्या गठ्ठ्यात सापडतात. पानं पिवळी, कडा ठिसूळ, पिना गंजलेल्या. पण आत बाशोच्या हायकूतला बेडूक तळ्यात उडी मारतोच!

पिना गंजल्या असतील तर हलकेच काढा, दोऱ्यानं शिवा. चिकटपट्टी मात्र लावू नका. तिचा डिंक कागद खातो. खानदेशातलं ऊन कडक, तेव्हा पुस्तक खिडकीपासून लांब ठेवा. आणि दिवाळीच्या आवराआवरीत घरातली रद्दी तराजूत टाकण्याआधी एवढं करा: बारकी पुस्तकं बाजूला काढा, नको असतील तर गावच्या वाचनालयात नेऊन द्या.