रजिस्टरवरची एक सही
(दहावी १९८३ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मघाशी ओळख करून देताना मला चुकून ‘डॉक्टर’ म्हटलं गेलं. मी डॉक्टर नाही. जिल्हा परिषदेत आरोग्य सेवक म्हणून लागलो आणि आरोग्य सहाय्यक म्हणून निवृत्त झालो. माणूस आजारी पडला की डॉक्टर लागतो. तो पडू नये म्हणून आम्ही. त्यामुळे आमचं काम नीट झालं, तर ते झालं हेच कुणाला कळत नाही. माझ्या सोयरिकीच्या वेळी मुलीच्या मामांनी विचारलं होतं, “म्हणजे विहिरीत पावडर टाकणारे का?” हो, तेच.

गणिताचे सर समोर बसलेत म्हणून सांगतो. सर, नववीत मला वृत्तचितीचं घनफळ येत नव्हतं, तुम्ही तासभर फळ्यापाशी उभं केलं होतंत. पुढे सगळी नोकरी मी तेच गणित विहिरीच्या काठावर केलं. विहिरीचा व्यास चार मीटर, पाणी तीन मीटर, म्हणजे सुमारे साडेसदतीस हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर, आमच्या भाषेत टीसीएल. ती बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळ तेवढी विहिरीत सोडून ढवळायची. तासाभराने ओ.टी. चाचणी. नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन आहे. नाही आला तर पुन्हा पहिल्यापासून.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. पावसाळा होता, ओढ्याला पाणी होतं, म्हणून एका गावाला मी गेलोच नाही. तिथला पाणी सोडणारा बाजारात भेटला. म्हणाला, “साहेब, पावडर रोज टाकतोय.” मी रजिस्टरवर ‘ओ.टी. पॉझिटिव्ह’ लिहून सही ठोकली. आठवड्यात गॅस्ट्रोची साथ आली. शाळेच्या पडवीत, खिडकीच्या गजांना सलाइनच्या बाटल्या टांगल्या होत्या. तो माणूस खोटं बोलला नव्हता. पावडर तो खरंच रोज टाकत होता. पण पोतं उघडं, ओलीला पडलेलं. चांगल्या टीसीएलमध्ये तीसेक टक्के क्लोरीन असतो; त्या पोत्यात नुसता चुना उरला होता. त्यात पाइप गटारातून गेलेला आणि सांध्याला गळका. नळी हातात धरली असती तर मला दोन मिनिटांत कळलं असतं.

त्या साथीत एक म्हातारी गेली. तिच्या मुलाने मला चहा पाजला, म्हणाला, “तुम्ही आमच्यासाठी रात्रभर जागलात.” सहीचं त्याला ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलं नाही. हे आज पहिल्यांदाच चारचौघांत बोलतोय.

स्वच्छता निरीक्षकाचा कोर्स करताना आम्हाला लंडनच्या डॉ. जॉन स्नोंची गोष्ट शिकवली होती. १८५४ साली कॉलऱ्याच्या साथीत त्यांनी घरोघरी चौकशी केली आणि ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढायला लावला. तेव्हा ती फक्त परीक्षेपुरती पाठ केली. तिचा अर्थ त्या पडवीत कळला.

मघापासून इथे कुणाचा नातू मेडिकलला लागला, कुणाची नात लागली नाही, हेच ऐकतोय. न लागलेल्यांना हेही क्षेत्र आहे म्हणून सांगा. पाणी, हॉटेलातलं अन्न, कचरा, कारखान्यातली हवा, डासांची पैदास, सगळं यात येतं. २६ सप्टेंबरला जागतिक पर्यावरण आरोग्य दिनही असतो. आपल्याकडे तो येतो कधी आणि जातो कधी, पत्ता लागत नाही. आणि गावी गेलात की ग्रामपंचायतीत एवढंच विचारा, “आजची ओ.टी. कुणी घेतली?” विचारणारा कुणी असला की नळी कपाटातून बाहेर येते, हा माझा अनुभव आहे.

आता शेवटचं. सवय जात नाही, म्हणून सकाळी मी मांडवातल्या पिंपांचं पाणी तपासलं. रंग आला नाही. मुख्याध्यापकांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही, उलट शिपायाला माझ्यासोबत दिलं. पिंपांत क्लोरीनचे थेंब टाकून, झाकून ठेवलंय. अर्धा तास कधीच होऊन गेला. उतरल्यावर पुन्हा नळी लावतो. तोवर कुणी पिंपाला हात लावू नका.