गेलेला चित्ता, उरलेला माळढोक
(मस्तगड, जालना येथे दिलेले भाषण)



२०२५ साली अमेरिकेतील एका कंपनीने हजारो वर्षांपूर्वी नष्ट झालेला लांडगा परत आणल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात ती आजच्याच करड्या लांडग्याच्या पेशीतील काही जनुके बदलून जन्मविलेली पिल्ले होती. पण तेव्हापासून मुले विचारतात, "आपला चित्ता असा परत येईल का?" आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेतले कारकून. तरी वाचून जे समजले ते आपणांपुढे मांडतो.

क्लोनिंग म्हणजे एका प्राण्याच्या पेशीतील केंद्रक काढून ते दुसऱ्या मादीच्या रिकाम्या केलेल्या बीजांडात ठेवणे व तो गर्भ मादीच्या पोटात वाढविणे. १९९६ साली डॉली मेंढी जन्मली, ती २७७ प्रयत्नांतून एक. आपल्याकडे कर्नालला २००९ साली क्लोन केलेली पहिली रेडी सहा दिवसच जगली. पुढे त्याच वर्षी 'गरिमा' जन्मली. स्पेनमधील नामशेष रानबकरीची पेशी गोठवून ठेवली होती. २००३ साली तिचे पिल्लू जन्मले आणि काही मिनिटांतच गेले. म्हणजे जतन केलेली पेशी हवी, बीजांड हवे, आईचे पोट हवे. भिंतीवर टांगलेल्या कातड्यातून चित्ता उठत नाही.

हैदराबादच्या सी.सी.एम.बी. संस्थेत डॉ. लालजी सिंग यांनी चित्त्याच्या क्लोनिंगची योजना आखली होती. आशियाई चित्ता फक्त इराणात उरला आहे. इराणने नकार दिला आणि योजना थांबली. अखेर २०२२ साली आफ्रिकेतून जिवंत चित्ते कुनोला आणावे लागले.

मग चित्ता गेला कसा? कोल्हापूर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांच्या काळी चित्ते पाळून काळविटांची शिकार करवीत. इतर संस्थानांतही हा शौक होता. पाळलेला चित्ता सहसा पिल्ले देत नसे, म्हणून नवा चित्ता रानातूनच धरावा लागे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर व्याज येत नव्हते, मुद्दलच काढले जात होते. माळराने नांगराखाली गेली, काळवीट कमी झाले. १९४७ साली कोरिया संस्थानच्या राजाने एका रात्री तीन चित्ते मारले. भारतातील चित्त्यांची ती शेवटची नोंद मानली जाते. १९५२ साली चित्ता नामशेष जाहीर झाला.

बंधू-भगिनींनो, हेच खाते आज माळढोकाचे आहे. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. आज देशभरात माळढोक दीडशेच्या आसपास उरले आहेत. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. विजेच्या तारा त्याला समोर दिसत नाहीत. आणि पक्ष्याचे क्लोनिंग अद्याप कुणालाच साधलेले नाही, कारण त्याचा गर्भ कवचाच्या अंड्यात वाढतो. २०२४ साली जैसलमेरला कृत्रिम रेतनातून पिल्लू झाले, ते नर-मादी जिवंत होते म्हणून.

शास्त्राला आमचा विरोध नाही. पेशी जरूर जतन कराव्यात. पण परत आलेला प्राणी राहणार कुठे, खाणार काय, हे प्रयोगशाळा सांगू शकत नाही. त्याचे उत्तर माळरानातच आहे. आपण ज्याला पडीक म्हणतो ते कुणाचे तरी घर आहे. मुद्दल शिल्लक आहे तोवरच ते सांभाळा, एवढीच विनंती करून आम्ही आमचे दोन शब्द संपवितो.