उतारवयातील विनय

तरुणपणी विनय सोपा असतो. गमवायचे थोडेच असते. उतारवयात विद्या आणि मान ही गाठोडी सोडवत नाहीत. ख्रिस्ताने शिष्यांचे पाय धुतले, हे ऐकून आम्ही नुसती मान डोलावतो. पंडिता रमाबाईंनी ते आचरणात आणले. १८७८ साली कलकत्त्यात ज्यांना ‘सरस्वती’ ही पदवी मिळाली, त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासून बायबल मराठीत आणले, ते अल्पशिक्षित बायकांना कळेल अशा साध्या भाषेत. १९२२ साली केडगावी देह ठेवीपर्यंत त्यांनी याच कामी आयुष्य वेचले. पांडित्य असून ते मिरवायचे नाही, हाच त्यांचा विनय. आणि आम्ही? सुनेने घरात एक चूक दाखविली, तर चार दिवस अबोला धरतो!